कोपराची नस

संध्याकाळी पाचच्या सुमाराला शिवाजी पार्कवर एकाच वेळी डझनभर सामने रंगलेले असतात. एका सामन्याचा मिडविकेट म्हणजे दुसऱ्याची स्लिप. या दाटीत कुणाचा ना कुणाचा कोपर कठड्यावर, स्टंपवर नाहीतर दुसऱ्याच्या गुडघ्यावर आपटतोच. लगेच करंगळीच्या टोकापर्यंत झिणझिण्या जातात, पोरगं हात झटकत नाचतं आणि बाकीचे हसतात. कोपराच्या आतल्या बाजूला हाडाच्या खोबणीतून, अगदी कातडीलगत जाणारी नस ती. करंगळीची आणि तिच्या शेजारच्या अर्ध्या बोटाची जाणीव तिच्यावर अवलंबून असते, आणि बोटं उघडण्या-मिटण्याची बारीक कामं करणारे तळहातातले बहुतेक स्नायूही तीच चालवते.

कुष्ठरोगाच्या जंतूला शरीराच्या थंड, वरवरच्या जागा मानवतात. त्यामुळे त्याच्या आवडत्या ठिकाणांत या नसेचा नंबर फार वरचा. ती सुजून जाड होते, करंगळीला ऊन-गार कळेनासं होतं, मग चिमटाही कळत नाही. हे सगळं मुकाट्याने चालतं. काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी, करंगळी आणि अनामिका तळहाताकडे वळायला लागतात. बॅटची मूठ नीट पकडता येत नाही, डब्याचं झाकण उघडताना धडपड होते, अक्षर बिघडतं. आणि शाळेतून चिठ्ठी येते, की मुलाचं अभ्यासात लक्ष नाही.

मुलांमधल्या कुष्ठरोगाची गोष्ट इथून सांगायला हवी, कारण आपण ती नेहमी दुसऱ्या टोकाकडून ऐकतो. बँडेज गुंडाळलेले हात, देवळाबाहेरची रांग, दूर कुठेतरी माळरानावर उभी राहिलेली वसाहत आणि तिथला एखादा महापुरुष, हे झालं शेवटचं दृश्य. पहिल्या दृश्यात एक शाळकरी पोर असतं आणि त्याच्या दंडावर किंवा पाठीवर रुपयाएवढा फिकट चट्टा असतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार २०२३ साली जगात कुष्ठरोगाचे १,८२,८१५ नवे रुग्ण नोंदले गेले. त्यांत १०,३२२ मुलं होती. एकूण नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून जास्त एकट्या भारतातले. भारताने डिसेंबर २००५ मध्येच 'निर्मूलन' जाहीर केलं, पण त्या शब्दाचा सरकारी अर्थ दहा हजार लोकांमागे एकापेक्षा कमी रुग्ण एवढाच होता. सामान्य माणसाने त्याचा अर्थ 'रोग संपला' असा घेतला, आणि त्याला दोष तरी कसा द्यावा? 'देवी' गेल्या म्हणजे गेल्याच, हे त्याने पाहिलेलं होतं. रोग संपला म्हटल्यावर त्याच्यासाठी वेगळे नेमलेले कर्मचारी सर्वसाधारण आरोग्यसेवेत मिसळून गेले, आणि नुसत्या नजरेने चट्टा ओळखणारी एक पिढी निवृत्त झाली.

मुलाला कुष्ठरोग होणं ही केवळ त्या मुलापुरती बातमी नसते. हा जंतू अतिशय संथ. शरीरात शिरल्यापासून लक्षण दिसेपर्यंत सरासरी पाच वर्षं लागतात, कधी वीसही. तेव्हा नऊ वर्षांच्या मुलाच्या अंगावर चट्टा उमटला, तर त्याच्या आसपास, बहुधा घरातच, उपचार न घेतलेलं कुणीतरी मोठं माणूस गेली काही वर्षं वावरतंय. काका असेल, आजी असेल, वरच्या माळ्यावर भाड्याने राहणारा कामगार असेल. मुलाचा चट्टा म्हणजे त्या माणसाचा पत्ता. शंभरातल्या पंचाण्णवांहून अधिक लोकांना निसर्गतःच या जंतूविरुद्ध प्रतिकारशक्ती असते, हात मिळवल्याने किंवा एका बाकावर बसल्याने तो लागत नाही. पण वर्षानुवर्षं एका खोलीतला श्वास वाटून घेणाऱ्या घरात तो आपली माणसं गाठतो.

खोलीचा हा मुद्दा मुंबईत फार खरा आहे. महापालिकेच्या नकाशावर शिवाजी पार्क आणि धारावी हे दोन्ही भाग एकाच जी-उत्तर विभागात येतात. एका बाजूला समुद्राचा वारा आणि कट्टा, दुसऱ्या बाजूला दहा बाय दहाच्या खोलीत तीन पिढ्या. मात्र धारावीतलं पोर शिवाजी पार्कवर खेळायला येतं, आणि शिवाजी पार्कच्या घराघरांतली धुणीभांडी धारावीतून येणाऱ्या बायका करतात. जंतूला विभाग कार्यालयाची हद्द कळत नाही. ती आपल्याला कळते, आणि 'हा आमच्याकडचा रोग नव्हे' हा दादरकरांचा समज त्या हद्दीवरच उभा आहे.

मराठी घरात मुलाच्या अंगावर फिकट डाग दिसला की पुढचा प्रवास ठरलेला. आजी म्हणते पोटात जंत झालेत. जंतांचं औषध होतं. मग कॅल्शियम कमी पडलं असेल. मग शेजारचा केमिस्ट गजकर्णाचं मलम देतो. दोन-तीन ट्यूब संपतात. बहुतेक वेळा यात काही बिघडत नाही, कारण मुलांच्या गालावरचे फिकट डाग सहसा साधे, आपोआप जाणारे असतात, आणि गजकर्ण खाजतं म्हणून त्याची दखल घेतली जाते. घोटाळा तिसऱ्याच प्रकारच्या चट्ट्याचा होतो. तो दुखत नाही, खाजत नाही, त्यावर घाम येत नाही, लव झडलेली असते. ज्याचा त्रास नाही त्यासाठी रजा काढून मुलाला दवाखान्यात कोण नेणार?

तपासणी इतकी साधी की लाज वाटावी. मुलाला डोळे मिटायला सांगायचे. बॉलपेनचं टोक किंवा कापसाची वात आधी चांगल्या कातडीवर आणि मग चट्ट्यावर हलकेच टेकवायची. जिथे लागलं तिथे मुलाने बोट ठेवायचं. चट्ट्यावर बोट आलं नाही, तर पुढचं काम त्वचारोग विभागाचं. चेहऱ्यावरच्या चट्ट्याला मात्र ही परीक्षा फसवते, कारण तिथे नसांचं जाळं दाट असतं. आणि फार लहान मूल डॉक्टरांना खूश करायला नको तिथेही बोट ठेवतं. म्हणून अनुभवी माणसं कोपराची, गुडघ्याखालची आणि मानेच्या बाजूची नस चाचपून पाहतात.

भीतीचा एक भलताच गुंता इथे आड येतो. पांढऱ्या कोडाचा कुष्ठरोगाशी काही संबंध नाही, त्यात जंतू नाही, बधिरपणा नाही. तरी आयुर्वेदाच्या जुन्या परिभाषेत दोन्ही 'कुष्ठ' या मोठ्या कुळात मोडत, आणि बोलीभाषेने ती गल्लत जपून ठेवली. दत्तजयंतीच्या सप्ताहात दादर-गिरगावच्या घरांत गुरुचरित्राचं पारायण होतं. त्याच्या चाळिसाव्या अध्यायात नरहरी नावाच्या ब्राह्मणाचं कुष्ठ, वाळक्या औदुंबराच्या लाकडाला पालवी फुटते तेव्हा, नाहीसं होतं. कथा श्रद्धेची आहे आणि सुंदर आहे. पण रोग म्हणजे पूर्वकर्माचं फळ हा धागा तिच्यातून कानावर पडत राहतो, आणि ऐकणाऱ्यांत आईच्या मांडीवरचं पोरही असतं. मोठ्यांच्या बाबतीत 'काय पाप केलं असेल' असा प्रश्न निघतो. मुलाच्या बाबतीत तो आईबापांकडे वळतो. म्हणून मुलाचा रोग लपवण्याची घाई मोठ्यांच्या रोगापेक्षा जास्त.

कलंक आणि अपंगत्व यांचा क्रम आपल्या डोक्यात उलटा बसला आहे. आधी बोटं झडतात, मग लोक टाळतात, असं आपण धरून चालतो. मुलांच्या बाबतीत बहुधा आधी नाव येतं. नावाच्या भीतीने आई चट्ट्यावर पावडर लावते, मुलीला लांब बाह्यांचा फ्रॉक शिवते, सरकारी दवाखाना टाळून लांबच्या डॉक्टरकडे जाते. या लपवाछपवीत वर्ष जातं आणि तेवढ्यात नस मरते. कलंकाने हात वाकडा होतो, मग वाकड्या हाताने कलंक वाढतो. (बोटं 'झडतात' हेही खरं नव्हे. बधिर बोटाला चटके बसतात, जखमा होतात, त्या चिघळतात आणि हाड झिजत जातं. जंतू बोट खात नाही, दुर्लक्ष खातं.)

औषधाचा भाग मात्र जवळजवळ सुटलेला आहे. बहुविध औषधोपचार, म्हणजे एमडीटी, जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ पासून सुचवला आणि १९९५ पासून तो जगभर फुकट मिळतो. रिफाम्पिसिन, डॅप्सोन आणि क्लोफाझिमिन ही त्यातली औषधं. रोगाच्या प्रकारानुसार सहा महिने किंवा वर्षभर घ्यायची. दहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी वेगळं पाकीट असतं, त्याहून लहानांना वजनानुसार डोस. उपचार सुरू झाल्यावर संसर्ग पसरवण्याची शक्ती लवकरच संपते, त्यामुळे मुलाला शाळेतून काढण्याला वैद्यकीय कारण उरत नाही.

तरी मुलांचे डॉक्टर दोन अडचणी आवर्जून सांगतात. पहिली रंगाची. क्लोफाझिमिनने कातडी काळपट-तांबूस होते, चट्ट्यांच्या जागी जास्तच. औषध थांबल्यावर काही महिन्यांनी रंग परत येतो, पण बारा वर्षांच्या मुलीला आणि तिच्या आजीला ते महिने फार मोठे वाटतात. 'काळी पडली' या दोन शब्दांनी कितीतरी पाकिटं अर्धवट राहिली असतील. दुसरी अडचण 'रिअ‍ॅक्शन'ची. उपचार चालू असताना, कधी संपल्यावरही, चट्टे लाल होऊन फुगतात, नसा दुखतात, हातापायातली ताकद अचानक जाते. मेलेल्या जंतूंविरुद्ध शरीरानेच केलेली ही दंगल. घरच्यांना वाटतं औषध अंगावर आलं, आणि ते बंद होतं. खरं तर त्याच आठवड्यात दवाखाना गाठायचा असतो. ताकद जाऊन सहा महिने व्हायच्या आत स्टेरॉइड सुरू झालं तर नस बऱ्याचदा वाचते. पहिल्या दिवशी पाकीट देताना ही दोन वाक्यं आईला नीट समजावून सांगणं, हा अपंगत्व टाळण्याचा सर्वांत स्वस्त उपाय आहे. गर्दीच्या ओपीडीत नेमकी तीच वाक्यं गळतात.

शिवाजी पार्कपासून चार-पाच किलोमीटरवर, वडाळ्याला, या रोगाचा सव्वाशेहून जास्त वर्षांचा इतिहास एका आवारात उभा आहे. माटुंग्याच्या सीमेवर १८९० मध्ये बेघर महारोग्यांसाठी आश्रम उघडला, तो आजचं महापालिकेचं ॲकवर्थ कुष्ठरोग रुग्णालय. ज्यांचं नाव त्याला आहे ते हॅरी आर्बथनॉट ॲकवर्थ त्या वेळी पालिका आयुक्त होते. गंमत म्हणजे मराठी वाचकाने त्यांना आणखी एका कारणासाठी ओळखायला हवं: शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासोबत त्यांनी मराठी पोवाडे गोळा करून छापले आणि १८९४ मध्ये त्यांचं इंग्रजी भाषांतरही काढलं. शाहिरांचे शब्द जपणारा आणि रस्त्यावरचे रोगी भिंतीआड नेणारा अधिकारी एकच. आश्रमामागे करुणा होती, आणि शहराच्या नजरेसमोरून ते रोगी हलवण्याची घाईही होती. या संस्थेच्या इतिहासावर डॉ. शुभदा पंड्या यांनी केलेलं लेखन वाचलं की दोन्ही हेतू एकमेकांत किती गुंतले होते ते कळतं. त्याच आवारात आता कुष्ठरोगाचं संग्रहालय आहे. दादरच्या शाळांच्या सहली नेहरू तारांगणाला जातात, इथे क्वचितच येतात.

त्याआधीही मुंबईत या रोगाशी झटापट झाली होती. शहरात लोकप्रिय असलेले डॉ. भाऊ दाजी लाड कडूकवठीच्या बियांच्या तेलाने कुष्ठरोग्यांवर उपचार करत. ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवणारे हेन्री व्हँडाइक कार्टर, म्हणजे 'ग्रेज अ‍ॅनाटॉमी' या जगप्रसिद्ध ग्रंथाची चित्रं काढणारा हात, यांनी पश्चिम भारतातल्या कुष्ठरोगावर बरीच वर्षं घालवली. रोग वंशपरंपरेने येतो असं तेव्हा बहुतेक डॉक्टर मानत. नॉर्वेतल्या गेऱ्हार्ड हॅन्सनला १८७३ मध्ये जंतू दिसला आणि त्या समजाचं वैद्यकीय आयुष्य संपलं. सामाजिक आयुष्य संपलं नाही. 'त्यांच्या घराण्यात आहे' हे वाक्य स्थळं पाहताना आजही कुजबुजलं जातं, आणि ज्याला रोग कधी झालाच नाही अशा मुलाचंही लग्न मोडतं.

त्या समजाने मुलांच्या दोन जाती तयार झाल्या: रोग झालेली, आणि रोग्याच्या पोटी जन्मलेली. मिशनऱ्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दुसऱ्या गटासाठी वेगळी वसतिगृहं काढली आणि तान्ही मुलं आईपासून वेगळी केली. त्या काळी औषध नव्हतं, त्यामुळे तो निर्णय समजण्यासारखा आहे. मुलांच्या बाजूने पाहिलं तर मात्र निरोगी राहण्याची किंमत आई ही होती.

महाराष्ट्राने पुढे जे केलं त्याला देशात तोड नाही. विनोबांच्या प्रेरणेने मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूरला काम सुरू केलं. अमरावतीत शिवाजीराव पटवर्धनांनी तपोवन उभारलं. बाबा आणि साधनाताई आमट्यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन करून वरोऱ्याच्या खडकाळ माळावर आनंदवन वसवलं. वर्ध्याच्या गांधी स्मारक कुष्ठरोग संस्थेने १९५१ पासून घरोघरी जाऊन रुग्ण शोधायचे, लोकांना सांगायचं आणि घरीच औषध द्यायचं अशी पद्धत घालून दिली. आनंदवनात बरे झालेल्यांची लग्नं झाली, मुलं झाली, शाळा आणि पुढे कॉलेज आलं. बाबांची स्वतःची मुलं, विकास आणि प्रकाश, त्याच अंगणात वाढली. रोग्यांबरोबर राहून मूल निरोगी वाढतं, हे कुठल्याही पोस्टरपेक्षा त्या दोन मुलांनी जास्त सिद्ध केलं. दादरच्या मध्यमवर्गाचं या सगळ्याशी नातं जुनं. आनंदवनात तयार झालेली शुभेच्छापत्रं घराघरांत आली, उन्हाळ्यात आमट्यांच्या सोमनाथ प्रकल्पातल्या श्रमसंस्कार छावणीला मुंबईची मुलं जाऊन कुदळी मारून आली, पु. ल. देशपांड्यांनी आनंदवनाचं कौतुक घरोघर पोचवलं.

या ऋणाची जाणीव ठेवूनच एक गोष्ट बोलावी लागते. आनंदवनाच्या थोरवीने आपल्या मनात कुष्ठरोगाचं एक कायमचं चित्र कोरलं: समाजाने हाकललेला प्रौढ, त्याला पोटाशी धरणारा संत, आणि दूरची वसाहत. ते चित्र त्या काळाचं आणि त्या माणसांचं होतं. आज चट्टा सापडलेल्या मुलाला वसाहत नको आहे. त्याला आपली शाळा, आपला बाक, आपला संघ हवा आहे. त्याच्यासाठी देणगी द्यावी लागत नाही, शिबिराला जावं लागत नाही. वर्गशिक्षिकेने पेनचं टोक टेकवून पाहावं आणि मग तोंड बंद ठेवावं, एवढंच हवं आहे. दूरच्या दुःखासाठी डोळे भरून येणारा समाज शेजारच्या बाकावरच्या चट्ट्यापुढे घाबरतो. हा ढोंगीपणा नाही. दुसरं चित्र त्याला कुणी दाखवलेलंच नाही.

दाखवण्याचा प्रयत्न मुंबईतच झाला होता, आणि तो विसरायला नको होता. १९७०च्या दशकात डॉ. आर. गणपती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महापालिकेच्या शाळांमधली मुलं तपासली. शहरात हा रोग फारसा नाही, तो खेड्यांचा, असं तेव्हा मानलं जाई. शाळांनी तो समज खोडला. सापडलेल्या मुलांपैकी बहुतेकांचा रोग सुरुवातीच्या पायरीवर होता, म्हणजे एकही बोट वाकडं न होता बरी होण्याच्या टप्प्यावर. गणपतींनी १९७६ मध्ये बॉम्बे लेप्रसी प्रोजेक्ट ही संस्था उभी केली आणि झोपडपट्ट्यांत दवाखाने चालवले. १९७८ पासून अलर्ट-इंडिया ही संस्था मुंबईत आणि पुढे आसपासच्या जिल्ह्यांत हेच काम करत आली. शाळा-तपासणीचा एक धोका मात्र त्या काळच्या कार्यकर्त्यांना लवकर उमगला: सगळ्या वर्गासमोर एकाच मुलाला शर्ट काढून पुन्हा उभं केलं, तर निदान होतं आणि मूल शाळेतून जातं. म्हणून सगळ्यांचीच कातडी, केस, दात एकत्र तपासायचे, आणि चिठ्ठी नंतर पालकांच्या हातात द्यायची.

परळचाही यात मोठा वाटा, पण तो क्वचित सांगितला जातो. टाटा रुग्णालयाच्या परिसरात डॉ. व्ही. आर. खानोलकरांनी सूक्ष्मदर्शकाखाली या जंतूची नसांतली वाटचाल अभ्यासली. तिथल्याच भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात १९५८ मध्ये बापट, कमल रणदिवे आणि खानोलकर यांनी कुष्ठरोग्यांच्या गाठींतून एक जंतू वाढवला, आणि त्यापासून पुढे आयसीआरसी लस तयार झाली. दक्षिण भारतातल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष १९९८ मध्ये आले तेव्हा या परळच्या लशीने ६५.५ टक्के संरक्षण दिल्याचं दिसलं; जन्मल्यावर प्रत्येक बाळाला टोचतात त्या बीसीजीने ३४.१ टक्के. लस नेहमीच्या वापरात आली नाही ही हळहळ उरतेच. तरी मुलाच्या दंडावरच्या बीसीजीच्या वणाने त्याला या रोगापासूनही थोडंफार झाकलेलं असतं, हे किती आयांना ठाऊक आहे?

परळनेच कलंक मोजायला घेतला. केईएम रुग्णालयाच्या मानसोपचार विभागाचे डॉ. डी. आर. दुंगाजी आणि मिचेल वाइस यांनी कुष्ठरुग्णांच्या मनःस्थितीचा अभ्यास करताना प्रश्नांची एक पद्धत बसवली आणि ती १९९२ मध्ये प्रसिद्ध झाली. तुमच्या दुखण्याला तुम्ही काय म्हणता, ते कशामुळे झालं असं वाटतं, कुणाकुणापासून लपवलंत, घरच्यांची किंमत कमी झाली का, असे ते प्रश्न. आज 'एमिक' या नावाने ती पट्टी क्षयापासून मानसिक आजारांपर्यंत जगभर वापरली जाते. मुलांना हे प्रश्न तसेच विचारून चालत नाही. मूल 'लपवलं' असं म्हणत नाही. ते पोहायला जायचं बंद करतं, पीटीच्या तासाला पोट दुखतं म्हणतं, गणपतीत आरतीला मागे उभं राहतं.

ज्यांना रोग नाही पण ज्यांच्या आईवडिलांना होता, अशा मुलांचा प्रश्न वेगळा. देशात अजून काहीशे कुष्ठवसाहती आहेत. मुंबईजवळची लोकांना माहीत असलेली एक कल्याणच्या पत्रीपुलाजवळची हनुमाननगर. तिथे नौदलातून निवृत्त झालेल्या गजानन माने यांनी वर्षानुवर्षं काम केलं; २०२३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. अशा वसाहतीतल्या मुलाची अडचण त्याच्या अंगावर नसते, पत्त्यावर असते. शाळेच्या फॉर्मवर, नोकरीच्या अर्जावर, रेशनकार्डावर वसाहतीचं नाव असतं. ससाकावा-इंडिया फाउंडेशनसारख्या संस्था २००६ पासून या मुलांच्या शिक्षणासाठी मदत देतात, आणि नर्सिंगसारखे अभ्यासक्रम करून वसाहतीतल्या काही मुली आता रुग्णालयांत काम करतात. पट्टी बांधून घेणाऱ्यांची लेक पट्टी बांधायला शिकली, हा बदल एका पिढीत झाला.

कायद्याने पाय ओढत का होईना पावलं टाकली. वसाहतकाळातला १८९८चा लेपर्स अ‍ॅक्ट २०१६ मध्ये रद्द झाला. त्याच वर्षीच्या दिव्यांग हक्क कायद्याने 'कुष्ठरोगमुक्त व्यक्ती' हा स्वतंत्र गट मानला, आणि दिसण्यासारखं व्यंग नसलं तरी हातापायाचा बधिरपणा त्यात धरला. शाळकरी मुलासाठी हे महत्त्वाचं, कारण त्याचं अपंगत्व बहुधा न दिसणारंच असतं. २०१९ पासून कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण उरलं नाही. सर्वोच्च न्यायालयाने १४ सप्टेंबर २०१८ च्या निकालात कुष्ठबाधित कुटुंबांतल्या मुलांना भेदभावाशिवाय, शक्य तिथे मोफत शिक्षण मिळावं असं सांगितलं. पण मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्यासारख्या जुन्या कायद्यांनी कुष्ठरोगी म्हणजे भिकारी ही जोडी इतकी वर्षं छापून ठेवली आहे, की ती पुसायला एका निकालाने भागत नाही.

३० जानेवारीला, गांधीजींच्या स्मृतिदिनी, शाळांतून आता 'स्पर्श' मोहीम चालते. २०१७ पासूनच्या या मोहिमेत 'सपना' नावाची शाळकरी मुलगी गावाला संदेश देते आणि मुलं भेदभाव न करण्याची प्रतिज्ञा म्हणतात. प्रतिज्ञेला हरकत नाही. फक्त ती ज्या रोगाबद्दल आहे तो दिसतो कसा हे त्याच सकाळी मुलांना दाखवलं, एकमेकांच्या कोपराची नस चाचपायला लावली, तर तीस सेकंदांत जास्त काम होईल. खेळणाऱ्या मुलांना तो धडा आयुष्यभर लक्षात राहील.

नवा उपाय तर अजूनच सोपा, आणि अजूनच नावापाशी अडतो. नव्या रुग्णाच्या घरच्यांना आणि शेजाऱ्यांना रिफाम्पिसिनचा एकच डोस दिला की पुढे रोग होण्याची शक्यता कमी होते. २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात तो आहे, दोन वर्षांवरच्या मुलांनाही देतात. पण तो द्यायचा तर शेजाऱ्यांना 'का' ते सांगावं लागतं. चाळीत एका दारावर आरोग्यसेविका दोनदा आली की मजल्याला कळतं. म्हणून काही ठिकाणी रुग्णाचं नाव न घेता सगळ्या मजल्याची त्वचातपासणी म्हणून डोस दिले जातात. वेळ जास्त लागतो, माणसं जास्त लागतात, आणि सरकारी उद्दिष्ट २०२७ पर्यंत संसर्ग थांबवण्याचं आहे.

ज्यांची बोटं आधीच वाकली, त्यांच्यासाठीही दारं बंद नाहीत. १९५०च्या दशकापासून मुंबई-पुण्यात डॉ. नोशीर अंटिया यांनी कुष्ठरोग्यांच्या हातांवर आणि चेहऱ्यांवर प्लास्टिक सर्जरी केली, वेल्लोरला पॉल ब्रँड यांनी चांगल्या स्नायूची दोरी वाकड्या बोटाकडे वळवण्याच्या शस्त्रक्रिया बसवल्या. मुलाचा हात लवचीक असतो, हा त्याचा फायदा. मात्र शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर कित्येक आठवडे रोजचा व्यायाम लागतो: हात पाण्यात भिजवायचा, तेल लावायचं, मांडीवर ठेवून एकेक बोट सरळ करायचं. मेंदूला नव्या वाटेने बोट हलवायला शिकायचं असतं. सहावीतल्या मुलासाठी ते कंटाळवाणं काम; कुणी शेजारी बसून गप्पा मारल्या तर होतं, नाही तर राहतं.

बधिर पायाचं तसंच. तळव्याला खडा, खिळा, तापलेला डांबरी रस्ता कळत नाही, आणि चालून चालून जखम होते. दवाखान्यात एमसीआर चप्पल मिळते, सूक्ष्म छिद्रांच्या मऊ रबराची. मोठा माणूस ती घालतो. शाळेच्या गणवेशात काळे बूट सक्तीचे, आणि ती चप्पल वर्गात एकाच मुलाच्या पायात असली की सगळ्यांना दिसते. याला उपाय आहे, आणि तो रस्त्याच्या कडेला बसलेल्या चांभाराला येतो: बूट एक नंबर मोठा घ्यायचा, आतला कडक तळ काढायचा, एमसीआरचा तुकडा मापाने कापून चिकटवायचा, आतून कुठे खिळ्याचं टोक वर आलंय का ते बोटाने पाहायचं. काम अर्ध्या तासाचं. रोज संध्याकाळी पाय धुऊन, तळवा आरशात पाहून, लाल डाग आहे का ते आईने बघायचं. बाहेरून बूट चाळीस जोड्यांतला एक दिसतो.